रोजगार हमीचे जनक वि. स. पागे

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारच्या डोंगरउतारावर पाणी अडवणाऱ्या समतल चरांमागे गावकऱ्यांचा घाम आहे, तसा राज्याचा एक कायदाही आहे. त्या कायद्याचे जनक विठ्ठल सखाराम पागे.

१९१० मध्ये जन्मलेले पागे पेशाने वकील, स्वातंत्र्यसैनिक आणि संतसाहित्याचे अभ्यासक होते. १९६० ते १९७८ या काळात ते विधान परिषदेचे सभापती होते. धरणे, कालवे झाले तरी राज्यातील बहुतांश शेती पावसावरच राहणार; मग कोरडवाहू शेतकरी व शेतमजुरांनी रिकाम्या हंगामात जगावे कसे, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे योजनेचा प्रयोग झाला. १९७२च्या दुष्काळात वसंतराव नाईक सरकारने तिला राज्यव्यापी रूप दिले. १९७७चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला.

निधीची तजवीज महत्त्वाची ठरली. नोकरदारांच्या व्यवसाय कराबरोबरच बागायती जमिनीवर विशेष आकारणी बसली. ज्यांच्या शेतात पाणी पोहोचले, त्यांनी न पोहोचलेल्यांच्या मजुरीचा भार उचलला.

पुढे अनेक ठिकाणी कामे अर्धवट राहिली, हजेरीपटांत गैरव्यवहार झाले. पागे यांचे १९९० मध्ये निधन झाले. त्याच दशकात हिवरे बाजारने शासकीय योजनांतून जलसंधारण केले. शिवाय सिंचनासाठी कूपनलिका आणि उसाच्या लागवडीवर स्वतःहून बंदी घातली. योजनेने मजुरी दिली. पाणी टिकवले ते गावाच्या शिस्तीने.