हिंदुस्थानचे सभासद : हेन्री फॉसेट

ज्यांनी मत दिले त्यांची कामे करणे हे लोकप्रतिनिधीचे पहिले कर्तव्य होय. परंतु ज्यांना मताचा अधिकारच नाही, ज्यांचे गाऱ्हाणे सभागृहाच्या दारापर्यंतही पोहोचत नाही, अशांसाठी उभा राहणारा प्रतिनिधी विरळाच. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश पार्लमेंटमध्ये असे एक सभासद होऊन गेले. त्यांनी हिंदुस्थान कधीही पाहिला नव्हता. इतकेच नव्हे, तर पार्लमेंटचे सभागृहही त्यांना डोळ्यांनी दिसत नव्हते. तरीही हिंदुस्थानातील गरीब रयतेच्या पैशाचा हिशेब त्यांनी त्या सभागृहात पुनःपुन्हा मागितला. त्यांचे नाव प्रा. हेन्री फॉसेट.

फॉसेट यांचा जन्म २६ ऑगस्ट १८३३ रोजी इंग्लंडमधील सॉल्सबरी या गावी झाला. वडील कापडाचे व्यापारी होते. पुढे त्यांनी शेती केली. हेन्री केंब्रिज विद्यापीठात गणितात चमकले. १८५६ साली गणिताच्या मानाच्या परीक्षेत ते सातवे आले आणि ट्रिनिटी हॉल या महाविद्यालयाचे फेलो झाले. वकिली करावी आणि त्या मार्गाने पार्लमेंटमध्ये जावे, ही त्यांची महत्त्वाकांक्षा होती.

१७ सप्टेंबर १८५८ रोजी हार्नहॅम टेकडीवर ते वडिलांसमवेत पक्ष्यांच्या शिकारीला गेले होते. वडिलांनी झाडलेल्या बंदुकीचे छर्रे मुलाच्या दोन्ही डोळ्यांत शिरले आणि पंचविसाव्या वर्षी हेन्री यांना कायमचे अंधत्व आले. पक्ष्यासाठी झाडलेली गोळी पोटच्या मुलाला लागावी, यावर आणखी भाष्य ते काय करावे? मात्र त्यानंतर मुलाने जे केले ते आदर्शवत आहे. या अपघाताने आपल्या आयुष्याचा मार्ग बदलू द्यायचा नाही, असा निश्चय त्यांनी तत्काळ केला. वडिलांना त्यांनी कधी दोष दिला नाही. उलट पश्चात्तापाने खचलेल्या पित्याला धीर देण्यासाठी ते मुद्दाम प्रसन्न राहू लागले. क्षमा हे वीराचे भूषण असे आपण म्हणतो. त्याचे हे जिवंत उदाहरण होय.

फॉसेट यांनी वकिलीचा विचार सोडला आणि अर्थशास्त्राचा ध्यास घेतला. ग्रंथ व सरकारी अहवाल ते दुसऱ्यांकडून वाचून घेत आणि आकडे तोंडपाठ करीत. १८६३ साली त्यांचा अर्थशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी ते केंब्रिजमध्ये अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. अंध मनुष्य पार्लमेंटमध्ये काय काम करणार, ही शंका मतदारांच्या मनात होतीच. काही निवडणुकांत अपयश आले. परंतु १८६५ साली ब्रायटन येथून ते निवडून आले.

१८६७ साली त्यांचा विवाह मिलिसेंट गॅरेट यांच्याशी झाला. पुढे इंग्लंडमधील स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीचे नेतृत्व केलेल्या त्या याच मिलिसेंट फॉसेट. त्याच वर्षी जॉन स्टुअर्ट मिल यांनी स्त्रियांना मताधिकार देण्याची सूचना पार्लमेंटमध्ये मांडली, तेव्हा फॉसेट यांनी तिला पाठिंबा दिला होता.

हिंदुस्थानशी त्यांचे नाते जुळले तेही याच वर्षी. १८६६ च्या ओरिसातील दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे अन्नावाचून मृत्युमुखी पडली होती. पुढच्याच वर्षी तुर्कस्तानचे सुलतान लंडनला आले. त्यांच्या सन्मानार्थ इंडिया ऑफिसमध्ये भव्य नृत्यसमारंभ झाला आणि त्याचा खर्च हिंदुस्थानच्या तिजोरीवर टाकण्यात आला. यजमानपणाचा मान लंडनचा आणि खर्च मात्र उपाशी रयतेचा, हा व्यवहार फॉसेट यांना सहन झाला नाही. त्यांनी सभागृहात याविरुद्ध आवाज उठवला. रक्कम साम्राज्याच्या मानाने लहान होती. पण ज्याच्या पैशाने खर्च होतो त्याला विचारणारे कोणी आहे की नाही, हा प्रश्न लहान नव्हता.

त्यानंतर त्यांनी हा प्रश्न सोडला नाही. ॲबिसीनियाच्या मोहिमेच्या खर्चाचा वाटा हिंदुस्थानवर लादण्यास त्यांनी विरोध केला. राजपुत्रांच्या हिंदुस्थान दौऱ्यांतील खर्चाचा भार येथील करदात्यांवर टाकण्यासही त्यांनी हरकत घेतली. १८७८ साली अफगाण युद्ध सुरू झाले, तेव्हा त्याचा खर्च हिंदुस्थानने का सोसावा, हा प्रश्न त्यांनी विचारला. हिंदुस्थानच्या अंदाजपत्रकाची चर्चा अधिवेशनाच्या अखेरीस जवळजवळ रिकाम्या बाकांपुढे होत असे. तेथेही हे अंध सभासद कागदाच्या आधाराविना, आकड्यांमागून आकडे सांगत बोलत राहिले. १८७१ ते १८७४ या काळात पार्लमेंटच्या समितीने हिंदुस्थानच्या अर्थव्यवहाराची चौकशी केली. फॉसेट तिचे सभासद होते आणि १८७३ साली दादाभाई नौरोजी यांनी तिच्यापुढे साक्ष दिली. लोक फॉसेट यांना हिंदुस्थानचे सभासद म्हणू लागले.

दूरच्या देशाची काळजी वाहणारा माणूस घरच्या लोकांना विसरतो, असा आक्षेप घेतला जातो. फॉसेट यांच्या बाबतीत तो खोटा ठरतो. त्या काळी इंग्लंडमधील गावोगावची सामाईक कुरणे व राने कुंपणे घालून जमीनदारांच्या ताब्यात जात होती. गरिबाची गाय चरण्याची आणि मुलांची खेळण्याची जागा त्यामुळे नाहीशी होई. अशा जमिनींचे एक विधेयक १८६९ साली चर्चेविना मंजूर होऊ घातले होते. फॉसेट यांनी ते अडवून धरले. लंडनच्या सीमेवरील एपिंगचे अरण्य वाचवण्यासाठी त्यांनी १८७० साली पार्लमेंटमध्ये ठराव आणला. अनेकांच्या प्रयत्नांनंतर १८७८ साली कायदा होऊन ते अरण्य जनतेसाठी कायमचे राखले गेले. शेतमजुरांच्या मुलांना शाळेत जाता यावे यासाठीही ते सतत झगडले.

१८७४ च्या निवडणुकीत ब्रायटन येथे त्यांचा पराभव झाला. ही वार्ता हिंदुस्थानात पोहोचली, तेव्हा त्यांच्या निवडणूक खर्चासाठी येथील लोकांनी वर्गणी गोळा केली. ज्यांना स्वतःला मताचा अधिकार नव्हता, त्यांनी हजारो मैलांवरील एका सभासदासाठी खिशात हात घातला! त्याच वर्षी पूर्व लंडनमधील हॅकनी येथून ते पुन्हा निवडून आले.

१८८० साली पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी त्यांना पोस्टमास्टर जनरल केले. येथेही त्यांची दृष्टी सामान्य माणसावरच होती. एकेक पेनीची तिकिटे कागदावर चिकटवून शिलिंग जमले की पोस्टात बचत खाते उघडता येईल, अशी सोय त्यांनी केली. १८८१ साली पोस्टल ऑर्डर आणि १ ऑगस्ट १८८३ पासून पार्सल टपाल सुरू झाले. पोस्ट खात्यात स्त्रियांना अधिक प्रमाणात नोकऱ्या देण्याचे श्रेयही त्यांच्याकडे जाते.

६ नोव्हेंबर १८८४ रोजी, वयाच्या अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी, केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले. लंडनमध्ये थेम्स नदीकाठच्या उद्यानात स्त्रियांनी वर्गणी काढून त्यांचे स्मारक उभारले. त्यांची कन्या फिलिपा हिने १८९० साली केंब्रिजच्या गणित परीक्षेत पहिल्या आलेल्या पुरुष विद्यार्थ्याहूनही अधिक गुण मिळवले.

फॉसेट हे काही हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचे पुरस्कर्ते नव्हते. ब्रिटिश राज्य राहावे, पण ते न्यायाने चालावे, एवढीच त्यांची मर्यादा होती, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. तथापि त्यांनी लावून धरलेला प्रश्न त्यांच्यामागेही जिवंत राहिला. त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभराने, डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनाने वाढत्या लष्करी खर्चाला विरोध केला. १८९७ साली आपले गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यास लंडनला गेले, तेही हिंदुस्थानच्या खर्चाचा हिशेब मागण्यासाठीच.

दुसऱ्याच्या पैशाचा कारभार ज्याच्या हाती असतो तो त्या पैशाचा मालक नसतो, विश्वस्त असतो. एका अंध सभासदाने बलाढ्य साम्राज्याला हे सांगितले. सार्वजनिक संस्थेची पै न् पै सांभाळणाऱ्या प्रत्येकाने त्यांचे स्मरण ठेवावे, एवढी त्यांची थोरवी निश्चितच आहे.