नवऱ्याचा आरोप कोर्टात टिकला नाही, तरी मुलं गेली आणि खर्चाचे पैसेही: कॅरोलिन नॉर्टनची गोष्ट

पोटगीच्या केसमध्ये बायकोचं चारित्र्य का काढलं जातं, असा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय? त्यासाठी 1836 च्या लंडनमध्ये जावं लागेल.

कॅरोलिनचा जन्म 1808 चा. नाटककार रिचर्ड ब्रिन्सली शेरिडन तिचे आजोबा. 19 व्या वर्षी तिचं लग्न जॉर्ज नॉर्टन या वकिलाशी झालं. हा खासदारही होता. तो मारहाण करायचा. घरखर्चाला मोठा आधार कॅरोलिनच्या लिखाणाचा. आणि गंमत बघा, ती कमाई कायद्याने जॉर्जचीच! लग्न झालेल्या बाईचं स्वतःचं असं काहीच नसायचं.

जॉर्जला मॅजिस्ट्रेटची नोकरी लागली तीही तिच्या ओळखीने, लॉर्ड मेलबर्न यांच्याकडून. पुढे मेलबर्न पंतप्रधान झाले आणि 1836 मध्ये जॉर्जने त्यांच्यावरच दावा ठोकला. आरोप होता बायकोशी संबंध ठेवल्याचा, मागणी 10,000 पौंडांची. बायकोचे परपुरुषाशी संबंध म्हणजे नवऱ्याचं नुकसान, असा तेव्हाचा हिशोब. जिची अब्रू पणाला लागली होती ती कॅरोलिन या खटल्यात पक्षकार नव्हती, तिला साक्षही देता आली नाही. ज्युरीने मात्र जागेवरून न उठताच दावा फेटाळला.

मग कॅरोलिन सुटली? नाही. खरी मेख इथेच आहे.

आरोप सिद्ध न झाल्याने जॉर्जला घटस्फोट मिळेना. कॅरोलिनलाही मिळेना, कारण मारहाणीनंतर ती परत नांदायला गेली होती, म्हणजे तिने ती माफ केली असं कायदा धरायचा. तिन्ही मुलगे बापाच्या ताब्यात. तिने पत्रकं लिहून मोहीम चालवली आणि 1839 मध्ये कायदा झाला: सात वर्षांखालच्या मुलांचा ताबा आई मागू शकेल. पण व्यभिचार सिद्ध झाला असेल तर नाही. तिला स्वतःला याचा उपयोगच झाला नाही, जॉर्जने मुलं स्कॉटलंडला नेली होती आणि तिथे हा कायदा लागू नव्हता. 1842 मध्ये धाकटा विल्यम घोड्यावरून पडून गेला.

1848 मध्ये जॉर्जने तिला वर्षाला ठराविक रक्कम द्यायचं लेखी कबूल केलं. नंतर हात आखडता घेतला. तिची देणी थकली, प्रकरण 1853 मध्ये कोर्टात गेलं. तिथे जॉर्जने पुन्हा मेलबर्न यांचंच नाव काढलं. ते वारून पाच वर्षं झाली होती! करारही टिकला नाही, कारण नवरा-बायको कायद्याने एकच व्यक्ती आणि स्वतःशी करार कसा होणार?

ती पुन्हा लिहायला बसली. 1857 च्या घटस्फोट कायद्यात सोडून दिलेल्या बायकोची कमाई तिचीच राहील, अशी तरतूद आली. नवऱ्याला मात्र घटस्फोटासाठी बायकोचा व्यभिचार पुरेसा, बायकोला व्यभिचारासोबत क्रूरता किंवा सोडून जाणंही दाखवावं लागे.

भारतातला 1869 चा घटस्फोट कायदा याच साच्यातला. आजही आपल्याकडे पत्नी व्यभिचारात राहत असेल तर तिची फौजदारी कायद्याखालची पोटगी नाकारता येते.

कॅरोलिनला घटस्फोट कधीच मिळाला नाही. 1875 मध्ये जॉर्ज वारला. 1877 च्या मार्चमध्ये तिने जुने मित्र सर विल्यम स्टर्लिंग-मॅक्सवेल यांच्याशी लग्न केलं. जूनमध्ये ती गेली.