जखमेची जागा वाचणारे डॉक्टर

कर्करोग म्हणजे नशिबाचा फेरा, असे आपल्याकडे अजूनही पुष्कळ घरांत समजतात. ही समजूत पुराव्यानिशी खोडणाऱ्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांचे नाव मात्र आम्हा शीव-परळकरांनाही फारसे ठाऊक नसते.

१८९५ साली क्वेट्टा येथे जन्मलेल्या खानोलकरांनी १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातली एम.डी. मिळवली. मुंबईत त्यांनी ग्रँट मेडिकलमध्ये आणि परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालयात शिकवले. १९४१ साली जवळच टाटा रुग्णालय उघडले. तिथल्या प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली.

मी उमेदीची वर्षे बँकेत खतावण्या तपासण्यात घालवली, म्हणून त्यांची रीत मला जवळची वाटते. नोंद कुठे पडली आहे, हे ते आधी पाहत. १९४४ साली त्यांनी मुंबईतील मुखकर्करोगाच्या १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी सहकारी सूर्याबाई यांच्यासह लिहिलेल्या लेखात तर चमत्कारिक रुग्ण होते. कुणाला कंबरेवर गाठ, नेमकी धोतर घट्ट आवळतात तिथे. कुणाला टाळूवर, कारण आंध्रात चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात धरून ओढण्याची चाल. कुणाला ओठाला, जिथे खैनीची चिमूट दाबून ठेवलेली असे.

मुंबईत सगळे एकाच शहरात राहणारे, तरी समाजागणिक रोगाची जागा बदले. पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अधिक, हिंदू स्त्रियांत गर्भाशयमुखाचा. म्हणजे केवळ शहराच्या हवापाण्याला बोल लावून भागणार नव्हते. चालीरीती, सवयी, लग्नाचे वय यांचा माग घ्यायला हवा होता. १९५५ साली संघवी आणि राव यांच्यासह त्यांनी तंबाखू चघळणे व ओढणे यांचा तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध मांडला.

१९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक. पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. १९७८ साली ते गेले.

माझा एक सहकारी तंबाखूची गोळी नेहमी डाव्या गालात धरी. जखम तिथेच झाली. दाताने चावले असेल म्हणून त्याने चार महिने काढले. पुढे तो वाचला नाही.

महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण मशेरी आणि चुना-तंबाखूची डबी घरातच असते. तेव्हा वाचकहो, आज घरच्यांची तोंडे उजेडात पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड उघडायला होणारा त्रास यांपैकी काहीही दिसले, तर उद्याच डॉक्टरांकडे न्या.