प्रश्न विचारणारे बाबासाहेब आणि आमचे वर्ग

पैठणची ओळख संतांची भूमी आणि पैठणीचे गाव अशी करून दिली जाते. आमच्या वाचकांनी तिची आणखी एक ओळख ध्यानात ठेवावी. सुत्तनिपाताच्या पारायणवग्गात गोदाकाठच्या बावरीचे १६ शिष्य तथागतांना प्रश्न विचारायला उत्तरेकडे निघतात. त्यांच्या वाटेवरच्या गावांत पहिले नाव येते पतिट्ठानाचे, म्हणजे आपल्या पैठणचे. सोळाही जणांनी एकेक करून प्रश्न मांडले आणि तथागतांनी प्रत्येकाला उत्तर दिले. कोणालाही गप्प बसविले नाही. आज त्याच परिसरातील आमची मुले १४ एप्रिलला कोणीतरी लिहून दिलेले भाषण पाठ म्हणतात, टाळ्या घेतात आणि खाली बसतात. बाबासाहेबांचे चरित्र तोंडपाठ असते, पण त्यातून मुलाच्या मनात एकही प्रश्न उभा राहत नाही. म्हणून ते चरित्र आज आम्ही वर्गखोलीच्या बाजूने सांगत आहोत.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. साताऱ्याच्या शाळेत त्यांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. शिपायाने वरून ओतले तरच पाणी मिळे; शिपाई नसेल तर तहानलेले राहायचे. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी गणित सोडवायला फळ्याजवळ बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले जेवणाचे डबे उचलायला सवर्ण मुले धावली. संस्कृत शिकण्याची इच्छा होती, ती नाकारली गेली आणि फारसी घ्यावी लागली. विद्यार्थ्याने प्रश्न विचारणे दूरच, त्याने कोणते पुस्तक उघडायचे हेसुद्धा जात ठरवीत होती. तरीही ते १९०७ साली मॅट्रिक आणि १९१२ साली बी. ए. झाले.

१९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे त्यांना जॉन ड्यूई हे गुरू लाभले. माणूस विचार कसा करतो, यावर ड्यूई यांनी १९१० साली ग्रंथ लिहिला होता. विचाराची सुरुवात अडचणीपासून होते. मग अडचण नेमकी कोणती ते ठरवायचे, संभाव्य उत्तरे सुचवायची, ती तर्काने तपासायची आणि शेवटी अनुभवाच्या कसोटीवर लावायची, असा त्यांचा सिद्धान्त. शोध घेत शिकण्याची जी पद्धत आज जगभर सांगितली जाते, तिच्यामागे ड्यूई यांचे हे काम आहे. ९ मे १९१६ रोजी प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी जातिसंस्थेच्या उगमावर निबंध वाचला. साताऱ्यात ज्या जातीने त्यांना गोणपाटावर बसविले, तिलाच त्यांनी पुराव्यांसमोर उभे केले. ५ जून १९५२ रोजी कोलंबियाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. पण ड्यूई यांचे १ जून रोजीच निधन झाले होते. गुरुशिष्यांची भेट राहून गेली.

बाबासाहेब स्वतः शिक्षक होते, हे आमच्या जयंतीच्या भाषणांत फारसे येत नाही. नोव्हेंबर १९१८ ते मार्च १९२० ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवीत. त्यांचे तास ऐकायला दुसऱ्या कॉलेजांतील विद्यार्थीही येत. त्याच कॉलेजात काही सहकारी प्राध्यापकांनी मात्र त्यांनी त्याच भांड्यातले पाणी पिण्याला हरकत घेतली. १९२४ साली मुंबई विद्यापीठाच्या सुधारणा समितीपुढे त्यांनी लेखी निवेदन दिले. विद्यार्थ्याच्या डोक्यात माहिती कोंबणे हे शिक्षण नव्हे. त्याने स्वतःचे डोके चालवावे, मोठमोठ्या पंडितांची मतेही चिकित्सेने तपासावीत, असा त्याचा आशय होता. १९३५ साली ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. शासनाच्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आज जिज्ञासेवर आधारलेले अध्यापन हवे असे म्हटले आहे. बाबासाहेबांनी हा आग्रह ९६ वर्षे आधी धरला होता.

१९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली मराठवाड्यासाठी औरंगाबादेत महाविद्यालय त्यांनी काढले. या महाविद्यालयाला पुढे मिलिंद हे नाव दिले आणि परिसर नागसेनवन झाला. मिलिंद हा ग्रीक राजा. भिक्खू नागसेनांना तो एकामागून एक प्रश्न विचारीत राहिला, म्हणून पाली साहित्यात अमर झाला. आमच्या मुलांच्या कपाळी प्रश्नकर्त्याचे नाव लावूनच बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ रोजी गेले.

मग आमच्या शिक्षक बंधू-भगिनींनी काय करावे? एक धडा असा आखून पाहा. आपल्याच जिल्ह्यात पितळखोऱ्याच्या बौद्ध लेण्यांत ब्राह्मी शिलालेख आहे. पैठणच्या सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या कुळातील मितदेवाने तेथे खांब दान दिला, असे तो सांगतो. उत्तर आधी सांगू नका. पैठणच्या व्यापाऱ्याने इतक्या दूर डोंगरात दान का दिले असेल, एवढेच विचारा. मुलांचे अंदाज फळ्यावर लिहा, चुकीचे वाटणारेही पुसू नका. नकाशा, लेण्याचे छायाचित्र आणि लेखाचा अर्थ गटागटांत द्या. कोणता अंदाज कोणत्या पुराव्याने टिकतो किंवा पडतो, हे मुलांनीच ठरवावे.

दुसरा धडा जायकवाडीचा घ्या. पायाभरणी १९६५ साली, लोकार्पण १९७६ साली झाले, एवढे मुले पाठ करतात. पण जमीन कोणाची बुडाली, कालव्याचे पाणी कोणाच्या शेतात गेले आणि भूमिहीनाच्या वाट्याला काय आले? मुलांनी आजी-आजोबांना विचारावे, सातबारा पाहावा, दोन्ही ताडून लिहावे.

आम्ही वकिली करतो. कोर्टात पाठ केलेली साक्ष उलटतपासणीत टिकत नाही, हे आम्ही रोज पाहतो. पाठ केलेला आंबेडकरवादही टिकणार नाही. त्यासाठी मोठा निधी किंवा इमारत लागत नाही. आठवड्यातून एक तास, एक चांगला प्रश्न आणि उत्तराची घाई न करणारा शिक्षक पुरेसा आहे. येत्या जयंतीला मुलांकडून पाठ भाषण घेऊ नका. प्रत्येकाला बाबासाहेबांविषयी एक प्रश्न घेऊन येऊ द्या आणि त्याचे उत्तर शोधायला त्याच्यासोबत बसा.