टेड कॉड : बारा नियमांमागचा माणूस

डीबीएमएसच्या ओरलला हमखास येणारा प्रश्न म्हणजे कॉडचे बारा नियम. आदल्या रात्री हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारत आपण सगळेच ते पाठ करतो. पण हा कॉड कोण, आणि त्याला हे नियम का लिहावे लागले, हे कुणी विचारतच नाही. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, मराठीत लिहायची सवय कमी. तरीही या माणसाची गोष्ट आपल्या भाषेत सांगावीशी वाटली.

एडगर फ्रँक कॉड, म्हणजेच टेड कॉड, यांचा जन्म १९२३ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्टलंड इथे झाला. वडिलांचा चामड्याचा व्यवसाय, आई शिक्षिका आणि सात भावंडांत हे सगळ्यात धाकटे. कॉड ऑक्सफर्डला गणित आणि रसायनशास्त्र शिकले आणि दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात वैमानिक झाले. युद्धानंतर ते अमेरिकेला गेले आणि १९४९ मध्ये आयबीएममध्ये प्रोग्रामर म्हणून लागले. पण सिनेटर मॅकार्थी यांनी तिथे चालवलेला संशयाचा खेळ त्यांना सहन झाला नाही. १९५३ मध्ये ते सरळ कॅनडाला निघून गेले आणि चार वर्षांनी परतले. पुढे मिशिगन विद्यापीठातून १९६५ साली पीएच.डी. घेतली, तेव्हा वय होतं बेचाळीसच्या आसपास! बॅक राहिला म्हणून खचणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

त्या काळी डेटाबेस नव्हते असं नाही. आयबीएमचीच आयएमएस ही सिस्टिम होती. अपोलो चांद्रमोहिमेच्या असंख्य सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी ती तयार झाली होती. पण तिच्यात माहिती झाडाच्या फांद्यांसारखी ठेवलेली असे. कुठल्या रेकॉर्डवरून कुठल्या रेकॉर्डवर जायचं, ही वाट प्रोग्रामरला माहीत असावी लागे. साठवणुकीची रचना बदलली की प्रोग्रामही बदला!

जून १९७० मध्ये कॉड यांनी यावर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. माहिती साध्या टेबलांच्या रूपात दिसावी, वापरणाऱ्याने फक्त काय हवं ते सांगावं आणि ते कसं शोधायचं हे सिस्टिमने बघावं, असा त्यांचा विचार होता. आपल्या शहराचंच उदाहरण घ्या ना. मलिक अंबरने सतराव्या शतकात इथे नहर बांधली. पाणी जमिनीखालून वाहत शहरात यायचं. हौदावर घागर भरणाऱ्या बाईला नहर कुठून वळते हे माहीत असायची गरज नव्हती. कॉड यांना डेटाचा असाच हौद हवा होता.

पण त्यांच्याच कंपनीला घाई नव्हती. आयएमएस चांगला पैसा मिळवून देत होती, मग तिच्याच मुळावर येणारी कल्पना कोण उचलून धरणार? सॅन होजेच्या प्रयोगशाळेत सिस्टिम आर नावाचा प्रकल्प सुरू झाला. त्यातूनच चेंबरलिन आणि बॉइस यांची भाषा आली, जी पुढे एसक्यूएल झाली. गंमत म्हणजे कॉड स्वतः तिच्यावर खूश नव्हते. टेबलात एकच ओळ दोनदा येऊ देणं त्यांच्या गणितात बसत नव्हतं. दरम्यान हे शोधनिबंध वाचून लॅरी एलिसन यांच्या छोट्या कंपनीने १९७९ मध्ये ओरॅकल बाजारात आणलंसुद्धा! आयबीएमचं पहिलं एसक्यूएल उत्पादन आलं ते १९८१ मध्ये. त्याच वर्षी कॉड यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

मग रिलेशनल हा शब्दच फॅशन झाला. जुन्याच मालावर नवं लेबल लावून विक्री सुरू झाली. तोवर आयबीएम सोडलेल्या कॉड यांनी १९८५ मध्ये आपले नियम छापले ते यासाठी. शून्यापासून मोजले तर ते तेरा भरतात. आठवा आणि नववा नियम पुन्हा वाचून बघा. साठवण कशीही बदलो, प्रोग्रामला धक्का लागू नये, हाच १९७० चा हट्ट त्यात आहे.

त्यांच्या या विचाराच्या पायावर पुढे आणखी एक मजला चढला. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टचं ओडीबीसी आलं, १९९७ मध्ये जावाबरोबर जेडीबीसी. प्रोग्रामने एकाच ठरावीक पद्धतीने मागायचं, आणि मधल्या ड्रायव्हरने ते त्या त्या डेटाबेसला कळेल असं करून पोचवायचं. आमच्या मिनी प्रोजेक्टमध्ये माझ्या लॅपटॉपवर मायएसक्यूएल होतं आणि पार्टनरच्या लॅपटॉपवर पोस्टग्रेस. ड्रायव्हर आणि कनेक्शन स्ट्रिंग बदलली, बाकी जावाचा कोड जवळपास तसाच चालला. अर्थात सगळं आपोआप होत नाही. तारखांची फंक्शन्स प्रत्येक डेटाबेसची वेगळी असतात, त्या क्वेरी हाताने बदलाव्याच लागल्या. पण दोन्हीकडे टेबलंच होती आणि एसक्यूएलच होतं, म्हणून तर काम तेवढ्यावर भागलं!

१८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडात वयाच्या ७९ व्या वर्षी कॉड गेले. त्यांच्या कल्पनेवर अब्जावधी डॉलर्स कमावले ते दुसऱ्यांनी. पण आपली रेल्वेची तिकिटं, बँकेची खाती, अगदी परीक्षेचे निकालसुद्धा टेबलांत बसवायची पद्धत या माणसाने शिकवली. तेव्हा दोस्तांनो, नियम पाठ जरूर करा, मार्क मिळतील. पण स्वतःच्या कंपनीला न रुचलेली गोष्ट पंधरा वर्षं लावून धरणारा माणूसही त्यांच्यासोबत लक्षात ठेवा.