लक्ष्मणरावांना मिळालेली जागा

बेळगावात किर्लोस्कर रोड आहे. आम्ही जोयड्याकडची माणसं खरेदीला बेळगावला गेलो की त्या रस्त्यावरून दहा वेळा ये-जा करतो. पण ज्या माणसाच्या घराण्याचं नाव त्या रस्त्याला आहे, त्याला याच शहरातून कारखाना हलवावा लागला होता, हे आमच्या वर्गात फारसं कुणाला माहीत नव्हतं.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला झाला. चित्रकार व्हायचं म्हणून ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. पण त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतला फरक कळत नव्हता. तेव्हा ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला ती जागा मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगावची वाट धरली.

तिथे भाऊ रामूअण्णांबरोबर त्यांचं सायकलचं दुकान होतं. 1888 हे किर्लोस्कर उद्योगाचं सुरुवातीचं साल मानतात. दुकानातून छोटा कारखाना झाला. कडबा कापायचं यंत्र निघालं, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते असं शेतकऱ्यांना वाटायचं, त्यामुळे नांगर कितीतरी दिवस खपेचना. तरी लक्ष्मणरावांनी हाय खाल्ली नाही. गिऱ्हाईक आज ना उद्या पटतं. नांगर शेतात चालवून दाखवता येतो.

नगरपालिकेला काय चालवून दाखवणार? शहर वाढत होतं, नव्या वस्तीची आखणी झाली आणि कारखान्याची जागा त्यात आली. जागा सोडा, असा हुकूम निघाला. यात कुणाचं वैर होतं असं मला वाटत नाही. नकाशावर एक रेघ ओढली गेली आणि तिच्या आत भट्टी, यंत्रं, कामगार होते, एवढंच. यंत्रं उचलून न्यायची कुठे, हा प्रश्न मात्र त्या रेघेच्या बाहेरचा. तो एकट्या लक्ष्मणरावांचा.

हे वाचताना मला माझे मामा आठवले. आमच्या तालुक्यात त्यांचं वेल्डिंगचं लहानसं दुकान आहे. एका परवान्यासाठी ते वर्षभर कचेरीच्या पायऱ्या झिजवतायत. एक कागद दिला की दुसरा मागतात, तो आणेपर्यंत पहिल्याची मुदत संपते. तिथेही कुणी वाईट बोलत नाही. साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या, एवढंच सांगतात. त्या ‘उद्या’त मामांचा एक दिवसाचा धंदा बुडतो. तो कुठल्याच फायलीत लिहिलेला नसतो.

लक्ष्मणरावांना उत्तर मिळालं ते औंध संस्थानातून. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांना ओळखत होते. त्यांनी आपल्या संस्थानात, कुंडल रोड स्टेशनाजवळ जागा दिली आणि भांडवलालाही हात दिला. जागा कसली, निवडुंग आणि साप यांनी भरलेला 32 एकरांचा माळ! 1910 मध्ये मोजके सोबती आणि त्यांची बिऱ्हाडं घेऊन लक्ष्मणराव तिथे गेले. माळाची किर्लोस्करवाडी झाली. कारखान्याभोवती घरं आली, शाळा आली. तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांनाही त्यांनी राखणीचं काम देऊन पाहिलं. आपल्याला साहित्याच्या वर्गात भेटणारं ‘किर्लोस्कर’ मासिकही 1920 मध्ये याच वाडीत सुरू झालं. पुढे या उद्योगाचे कारखाने हरिहरला आणि बंगळूरलाही निघाले, म्हणजे आजच्या कर्नाटकातच. लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 रोजी वारले.

ही गोष्ट सांगताना लोक राजाच्या उदारपणापाशी थांबतात. तो उदार होताच. पण राजाची ओळख नसती तर? सायकली दुरुस्त करणारा एक हुशार माणूस बेळगावातच खचला असता आणि आपण काय गमावलं हे आपल्याला कळलंही नसतं. अशी किती माणसं कळली नसतील!

आता संस्थानं गेली, राजे गेले, हे बरंच झालं. लहान धंदेवाल्याचं काम ओळखीवर व्हायचं नाही, नियमाने व्हायचं, असं आपण ठरवलं. मग त्या नियमाला तारीखही हवी. हो किंवा नाही, अमुक दिवशी सांगू. आणि नाही असेल तर का, आणि मग कुठे जायचं, तेही सांगू. लक्ष्मणरावांना जे नशिबाने मिळालं ते वेल्डिंगवाल्याला खिडकीवर मिळायला हवं. त्याने दुसरी किर्लोस्करवाडी उभी करायला पाहिजे अशी अट मात्र नको. त्याचं दुकान वेळेवर उघडलं तरी पुरे.