वेणू बाप्पू : कावलूरच्या दुर्बिणीचे शिल्पकार

वेणू बाप्पू यांचा जन्म १० ऑगस्ट १९२७ रोजी मद्रास येथे झाला. वडील हैदराबादच्या निजामिया वेधशाळेत कामास असल्याने आकाशनिरीक्षणाचे संस्कार त्यांच्यावर बालपणीच झाले. उच्च शिक्षणासाठी ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले. तेथे १९४९ मध्ये त्यांनी एक नवा धूमकेतू शोधला. पुढे ऑलिन विल्सन यांच्यासह केलेल्या संशोधनात त्यांनी वर्णपटातील कॅल्शियमच्या एका रेषेच्या रुंदीवरून ताऱ्याची खरी तेजस्विता काढता येते, हे सिद्ध केले.

पालोमार येथील तत्कालीन जगातील सर्वांत मोठी दुर्बीण त्यांनी जवळून पाहिली होती. भारतात तशी साधने नव्हती. तरीही १९५३ मध्ये ते मायदेशी परतले. नैनितालच्या वेधशाळेची उभारणी करून १९६० मध्ये ते कोडाईकनाल वेधशाळेचे संचालक झाले. रात्रीच्या निरीक्षणांसाठी त्यांनी तामिळनाडूच्या जवादी डोंगरातील कावलूर हे गाव निवडले. विषुववृत्ताच्या जवळ असल्याने तेथून दक्षिण आकाशाचाही मोठा भाग दिसतो. १९६८ मध्ये अवघ्या ३८ सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीने तेथील कार्य सुरू झाले. १९७२ मध्ये जर्मन बनावटीची एक मीटरची दुर्बीण आली आणि १९७७ मध्ये तिने युरेनसच्या कड्यांचा वेध घेतला.

यानंतरची मोठी दुर्बीण मात्र भारतातच घडवायची, असा बाप्पूंचा निर्धार होता. २.३४ मीटर व्यासाचा आरसा घासून घडविण्याचे काम बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने अंगावर घेतले. अशा आरशाच्या पृष्ठभागात प्रकाशाच्या तरंगलांबीच्या लहानशा अंशाहून अधिक दोष खपत नाही. दुर्बिणीचा अजस्र सांगाडा महाराष्ट्रातील वालचंदनगर येथे तयार झाला. पृथ्वी फिरत असताना तारा दृष्टीआड होऊ नये, म्हणून हा सारा भार पृथ्वीच्या अक्षाशी समांतर अशा अक्षाभोवती संथपणे फिरत राहणे आवश्यक होते. असे काम पूर्वी देशात झालेले नव्हते. ते करता करताच कारागीर आणि अभियंते तयार झाले.

१९७९ मध्ये बाप्पू आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले. १९ ऑगस्ट १९८२ रोजी म्युनिक येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा दुर्बीण अपूर्ण होती. त्यांनी घडविलेल्या सहकाऱ्यांनी ती पूर्णत्वास नेली. ६ जानेवारी १९८६ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते ती राष्ट्रास अर्पण झाली. ज्या दुर्बिणीतून एकही तारा पाहण्याचे भाग्य बाप्पूंना लाभले नाही, ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.